हवेचा रस्ता : करोल बागेतले मजले आणि पुढची साथ

आजचा विषय आहे इमारत. साथीच्या काळात औषधं, लस, हॉस्पिटल यांच्याबद्दल आपण भरपूर बोललो. पण ज्या घरात बसून ती साथ काढली, त्या घराच्या नकाशाबद्दल फारच कमी बोललो. मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, दिल्लीत काम करतो. माझी बरीचशी कामं करोल बाग, देवनगर, जुना राजेंद्रनगर या पट्ट्यात असतात, म्हणून उदाहरणं इथलीच देईन. पण तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला नाहीतर पुण्याच्या पेठेत. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत आणि मधे अंधारी डक्ट असं तुमचं घर असेल, तर हे सगळं तुमच्याच घराला लागू आहे.

आधी करोल बाग कशी आहे ते सांगतो. नवी दिल्ली बांधताना ज्यांची गावं आणि घरं उठली, त्यांतल्या अनेकांना इथे वसवलं गेलं. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबं आली. सोन्याचे कारागीर आले, त्यांत बंगाली बरेच. आपल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरले तसे इथेही आले. आणि अलीकडच्या काळात स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं. महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी दिल्लीला आलेल्या मुलाने करोल बाग किंवा राजेंद्रनगरात एखादी खोली पाहिली नाही असं सहसा होत नाही. खाली दुकान, मागे कारखाना, वर कुटुंब आणि त्याच्या वर मुलांची पेइंग गेस्ट खोली अशी सरमिसळ एकाच जिन्यावर राहते. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये या भागाला जुन्या शहराबरोबर ‘विशेष क्षेत्र’ म्हटलंय, ते या दाटीमुळेच.

आता साथ आली की घराला विचारायचे प्रश्न फार नाहीत. घरातला एक माणूस आजारी पडला तर त्याला स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास आणि बाहेर उघडणारी खिडकी मिळते का? आणि तो ज्या हवेत खोकतो ती हवा नंतर कुठे जाते? पहिला प्रश्न सरकारी सूचनांतही होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिल २०२१ च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांत रुग्णाने हवेशीर, आरपार वारा असलेल्या खोलीत राहावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात असं स्पष्ट लिहिलं होतं. सूचना बरोबरच होती. पण करोल बागेतल्या मधल्या खोलीला ती लागू करायची कशी? तिथे खिडकी उघडली की समोर डक्ट, आणि डक्टपलीकडे शेजाऱ्याची खिडकी.

इथला नेहमीचा प्लॉट घ्या, शंभर गजांचा. गज म्हणजे इथे चौरस वार. वीस फूट रुंद, पंचेचाळीस फूट खोल. डावी-उजवी भिंत शेजाऱ्याला चिकटलेली. मागेही बहुतेक वेळा दुसऱ्या गल्लीतल्या घराची पाठ. म्हणजे खरी मोकळी बाजू एकच, समोरची वीस फूट. त्या वीस फुटांत बाल्कनी, दिवाणखाना आणि नशीब असेल तर एक बेडरूम. उरलेलं सगळं – दुसरी बेडरूम, स्वयंपाकघर, दोन्ही न्हाणीघरं – मधल्या डक्टवर जगतं. तिला इथे शाफ्ट म्हणतात.

जुन्या घरांत ही व्यवस्था वेगळी होती. मधे छोटं अंगण, आणि वरच्या प्रत्येक मजल्याच्या फरशीत त्या अंगणावर लोखंडी गजांची जाळी. हिला दिल्लीत ‘जाल’ म्हणतात. त्या जाळीवरून चालता यायचं, आणि उजेड-वारा थेट तळमजल्यापर्यंत उतरायचा. आपल्या वाड्यातल्या चौकाची ही चुलत बहीणच म्हणा. गच्चीवर एकच खोली असायची, ‘बरसाती’. पूर्वीच्या नियमांत दोन मजले आणि वर अर्धा मजला, तो अर्धा म्हणजे ही बरसाती. स्वतःचं न्हाणीघर, तिन्ही-चारी बाजूंना खिडक्या, समोर उघडी गच्ची. साथीच्या काळात घरातल्या आजारी माणसाला ठेवायला याहून चांगली जागा मी तरी काढून देऊ शकणार नाही. (मे महिन्यात ती तापते हे खरं, आणि २०२१ ची दुसरी लाट नेमकी एप्रिल-मेमध्येच आली हेही खरं.) पुढे चार मजल्यांना परवानगी मिळाली, बरसातीच्या जागी पुरा मजला आला, अंगणाची जाळी स्लॅबखाली गेली आणि उजेड-वाऱ्यासाठी एक शाफ्ट उरली.

शाफ्ट हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

२००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली तेव्हा कौलून भागातल्या ‘अमॉय गार्डन्स’ या वसाहतीत काही आठवड्यांत ३२१ लोक आजारी पडले. वसाहतीतले टॉवर ३३ मजली. रुग्ण सगळीकडे सारखे पसरले नव्हते. जवळपास ४१ टक्के एकट्या ‘ई’ इमारतीतले होते, आणि तिथेही एकावर एक असलेल्या ठरावीक फ्लॅटांत जास्त. एक आजारी माणूस मार्चमध्ये दोनदा आपल्या भावाच्या घरी येऊन राहिला होता, त्याला जुलाब होत होते, त्याने तिथला संडास वापरला. मग वरखाली राहणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांना लागण कशी झाली? चौकशीत उत्तर निघालं ते न्हाणीघराच्या जमिनीत. फरशीतल्या पाण्याच्या निचऱ्याला खाली वाकडा पाइप असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि ते पाणीच गटाराची हवा अडवून धरतं. अमॉय गार्डन्समधले लोक फरशी पाण्याने न धुता पुसून काढत, म्हणून अनेक घरांतलं ते पाणी सुकलं होतं. न्हाणीघराचं दार लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला की पंखा बाहेर फेकण्यासाठी हवा कुठून तरी ओढणारच. ती त्याने सुकलेल्या निचऱ्यातून, म्हणजे गटाराच्या उभ्या पाइपातून ओढली. आणि ओढलेली हवा फेकली इमारतीच्या चिंचोळ्या उभ्या पोकळीत, जिथून ती वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरली. त्या वसाहतीतले ४२ जण दगावले.

करोना आणि सार्स पसरण्याच्या तऱ्हा अगदी सारख्या नाहीत, अमॉयसारखा प्रकार रोज घडतो असंही नाही. पण इमारतीबद्दल त्यातून जे कळतं ते कुठल्याही साथीला लागू आहे: शाफ्ट ही आपल्याला रिकामी जागा वाटते, प्रत्यक्षात तो हवेचा उभा रस्ता असतो. हिवाळ्यात घरातली हवा गरम आणि बाहेरची थंड, मग शाफ्ट चुलीच्या धुराड्यासारखी वर ओढते. खालच्या मजल्याची फोडणी वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात येते ती यामुळेच. करोल बागेत ज्या इमारतीत खाली गलाईचं किंवा दागिन्यांचं काम चालतं तिथे तर वरच्या लोकांना हवेचा नकाशा पाठच असतो; तेजाबाचा वास कुठल्या खिडकीतून येतो हे ते बोट दाखवून सांगतात. वास आला म्हणजे हवा आली. आणि हवा आली म्हणजे तिच्याबरोबर जे असेल ते आलं.

त्या निचऱ्याच्या वाकड्या पाइपाला आपल्याकडचे प्लंबर आणि सरकारी मानकंसुद्धा ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातला शब्द इंग्रजी कोडात जाऊन बसलाय, याचं मला उगाचच बरं वाटतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या न वापरलेल्या न्हाणीघरातलं ते पाणी काही आठवड्यांत उडून जातं. आठवड्यातून एक तांब्या पाणी ओता. महिनाभर गावी जाणार असाल तर वर थोडं गोडं तेल सोडा, पाणी उडायला वेळ लागतो. याहून स्वस्त साथप्रतिबंधक उपाय मला माहीत नाही.

शाफ्ट किती मोठी असावी याचं उत्तर राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. न्हाणीघर-संडासाच्या वायुवीजनासाठी अठरा मीटर उंचीपर्यंतच्या इमारतीला किमान चार चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू दीड मीटरपेक्षा कमी नको. लक्षात घ्या, हे न्हाणीघरासाठी आहे, झोपायच्या खोलीसाठी नाही. प्रत्यक्षात मी मोजलेल्या अनेक शाफ्ट तीन फूट बाय चार फूट असतात. त्यातही कुणी एसीचं युनिट लटकवलेलं, कुणी वॉशिंग मशीन ठेवलेलं, आणि सगळ्यांत वर, गच्चीवर, पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून फायबरचा पत्रा पक्का ठोकलेला. धुराड्याचं तोंडच बंद. मग आत आलेली हवा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरत राहते.

बिल्डर हे का करतो? इथे ‘कोलॅबरेशन’ नावाची पद्धत आहे. मालकाकडे जुनं घर, बिल्डरकडे पैसा. बिल्डर घर पाडून चार मजले बांधून देतो आणि मोबदल्यात एखादा मजला स्वतः विकतो. चार चौरस मीटरची शाफ्ट सोडली तर चार मजल्यांवर मिळून सोळा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७० चौरस फूट जागा जाते. करोल बागेच्या भावात तो आकडा कुणालाही टोचतो, मालकालाही. फक्त बिल्डरला शिव्या घालून भागणार नाही. नकाशावर सही करताना मालक ‘एक खोली जास्त निघेल का’ हे विचारतो, ‘शाफ्ट केवढी’ हे विचारताना मी क्वचितच कुणाला पाहिलंय. शंभर गज म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. त्यातले चार म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत.

हा वाद नवा नाही, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. त्या साथीने शहर निम्मं ओस पडलं, आणि १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग पिसवांमुळे आणि उंदरांमुळे पसरतो हे तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांवर सगळा दोष होता. म्हणजे कारण चुकलं, पण उपाय दुसऱ्या रोगांसाठी, विशेषतः क्षयासाठी, बरोबर निघाला. ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांचा उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन तो लोकांना समजावला. नियमाचं गणित सोपं आहे: तुमच्या खिडकीसमोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं. दादर-माटुंग्याच्या कॉलन्यांमध्ये आजही फिरताना श्वास मोकळा होतो, त्यात त्या काळच्या नियमांचा वाटा आहे. दिल्लीत अशीच संस्था, दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९३७ मध्ये आली; डीडीए तिचा वारस.

तो जुना नियम करोल बागेच्या एखाद्या मागच्या गल्लीला लावून बघा. समोरासमोर पंधरा मीटर उंच इमारती, म्हणजे मधे साडेसात मीटर हवेत. गल्ली असते चार मीटरची. त्रेसष्टच्या जागी पंचाहत्तर अंश. खालच्या दोन मजल्यांना आकाश दिसतच नाही. आणि आपण तर शाफ्टबद्दल बोलतोय, जिथे हे अंतर एक-दीड मीटर असतं.

आता ‘हवेशीर’ म्हणजे किती, हे मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये घरांसाठी दर माणशी सेकंदाला किमान दहा लिटर ताजी हवा सांगितली. दहा फूट बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत दोन माणसं असतील तर तासाला ७२ घनमीटर, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात दोनदा पुरी बदलून वर थोडी. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत हे होत नाही; स्प्लिट एसी तीच हवा थंड करून परत देतो, बाहेरची आणत नाही. हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. हजार-दोन हजारांपासून कार्बन डायऑक्साइड मोजायचे मीटर मिळतात. बाहेर आकडा ४२० च्या आसपास असतो. खोलीत तो हजाराच्या वर टिकून राहिला तर समजायचं, आपण एकमेकांचा श्वास घेतोय.

मीटर नसेल तर उदबत्ती घ्या. घरातले सगळे एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघराची चिमणी सुरू करा, खिडक्या बंद करा, आणि धूर मुख्य दाराच्या फटीजवळ, न्हाणीघराच्या जाळीजवळ, शाफ्टच्या खिडकीजवळ धरा. धूर आत वाकला की तिथून हवा येतेय. जाळीजवळ आत वाकला तर ट्रॅप सुकलाय. मी नवीन काम घेतलं की जुन्या घरात आधी हे करतो. लोकांना गंमत वाटते, आणि मग जिन्यातली हवा आपल्या दाराखालून खेचली जातेय हे बघून ते गप्प होतात.

खिडक्यांचं म्हणाल तर संहिता उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश उघडी जागा सांगते. बारा बाय दहाच्या खोलीला तीन बाय चारची खिडकी म्हणजे बरोबर दशांश. पण ती सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते. कागदावर बारा चौरस फूट, हवेला सहा. म्हणून आजाऱ्याच्या खोलीला तरी पूर्ण उघडणारी, बिजागरीची खिडकी द्यावी. दिल्लीकर यावर लगेच विचारतात, नोव्हेंबर-जानेवारीत खिडकी उघडून तो धूर घरात घ्यायचा का? अडचण खरी आहे. त्या महिन्यांत माझं उत्तर असं: आजाऱ्याच्या खोलीतला पंखा बाहेर फेकत राहू दे, बाकी घरात हवाशुद्धी यंत्र चालवा, आणि दुपारी धूर तुलनेने कमी असताना थोडा वेळ सगळं उघडा. पूर्ण समाधानकारक उत्तर त्या हवेत शक्य नाही.

मग नवा मजला बांधताना मी काय करतो? दिवाणखाना समोरून काढून मधे, जिन्याच्या दाराजवळ आणतो. तिथे माणसं दिवसाच बसतात, दार उघडं असतं. समोरच्या वीस फुटांत दोन झोपायच्या खोल्या बसवतो, त्यांतल्या एकीला जोडलेलं न्हाणीघर. मागे नियमाने सुटलेली जागा असेल तर ती खरोखर सोडतो, तिथे स्वयंपाकघर उघडतं. आजाऱ्याची खोली हवेच्या रस्त्याच्या शेवटी यायला हवी: घरातून त्या खोलीत, आणि तिथून पंख्याने थेट रस्त्याच्या बाजूला बाहेर. एरवी तीच खोली मुलाच्या अभ्यासाची, आजीची किंवा भाड्याची. साथीसाठी म्हणून वेगळी खोली कुणी बांधणार नाही, बांधूही नये.

न्हाणीघरांचे पंखे शाफ्टमध्ये न सोडता प्रत्येकाला उभा पाइप देऊन गच्चीच्या कठड्याच्या वर नेतो, आत उलटी हवा अडवणारी झडप. खर्च फार नाही, पण चारही मजल्यांच्या मालकांचं एकमत लागतं, आणि तो भाग सिमेंटपेक्षा अवघड. जिन्याला दर मजल्यावर बाहेरची उघडी जाळी. लिफ्टची बटणं, नळाच्या कोपराने उघडणाऱ्या मुठी, दारात चपला आणि हात धुवायची जागा. हे सगळं चांगलंच, पण त्यावर खूप बोललं गेलंय. जिन्याच्या वळणाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. दुसऱ्या लाटेत मोठा ऑक्सिजन सिलिंडर दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवताना, आणि स्ट्रेचर वळणावर अडताना या गल्ल्यांनी पाहिलंय. उघड्या जिन्याचं आणखी एक कारण आहे. १२ फेब्रुवारी २०१९ ला करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली. आगीत धूरही हवेच्याच रस्त्याने पसरतो.

आणि मुलांच्या खोल्या. एका मजल्याचे प्लायवूडने आठ कप्पे, सहा कप्प्यांना खिडकी नाही, संडास दोन. मे २०२० मध्ये विशेष रेल्वेने महाराष्ट्रात परतलेल्या विद्यार्थ्यांतली कित्येक मुलं अशाच खोल्यांतून निघाली होती. संडास वाटून घेण्याचा परिणाम काय असू शकतो याचा अंदाज मुंबईच्या जुलै २०२० च्या सर्वेक्षणातून येतो: तीन वॉर्डांत झोपडवस्तीतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. दाटी आणि सामायिक संडास ही कारणं तेव्हाच पुढे आली होती. खोलीभाडं ठरवताना मुलांचे आईवडील वायफाय आणि मेसची चौकशी करतात. त्यांनी खिडकी बाहेर उघडते का, आणि एका संडासामागे किती मुलं, हेही विचारावं. प्लायवूडची भिंत छतापर्यंत गेलीच असेल तर वरचा दीड फूट जाळीचा करून घेता येतो. मालक सहसा नाही म्हणत नाहीत, सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

ज्यांचं घर बांधून झालंय त्यांनी या रविवारी गच्चीवर जावं. शाफ्टवर पत्रा ठोकलेला असेल तर तो काढून दोन फूट वर उचलून बसवा, चारी बाजूंना पक्ष्यांसाठी जाळी लावा. पाऊस आत येणार नाही, हवा बाहेर जाईल. त्यासाठी खालच्या तीन मजल्यांची परवानगी मागायला गेलात, तर सोबत उदबत्ती न्या.